शेठच्या तळघराचा कोबा

भोरात कुणी माझ्यासमोर शेठच्या तळघराचा विषय काढला की मी उठून चालू लागतो. लोक म्हणतात, म्हातारा तिरसट आहे. आहेच. त्या बिचाऱ्यांना कौतुक करायचं असतं. "काय कोबा केलाय तुमी! एवढं पावसाळं गेलं, पाण्याचा टिपूस न्हाई, घुशीला बीळ पाडता आलं न्हाई." खरं आहे, कोबा मजबूत आहे. पण त्या कोब्यात माझ्या बायकोचे पाय गेले आणि ते मी घालवले. कौतुक करणाऱ्याला हे माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो माझ्या तोंडावर बोलत नाही. म्हणून मीच लिहून ठेवतो.

मी गवंडी, चुन्यातला. चुन्याचं काम म्हणजे सबुरीचं काम. बैल जुंपून घाणीत चुना दळायचा, मुरत ठेवायचा, गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालायचं. कोबा अंथरला की बायका रांगेनं बसून आठ-आठ दिवस तो लाकडानं बडवतात. शेवटी हातानं चोळून, नदीतल्या गोट्यानं घोटून त्याला तकाकी आणतात. तो शेवटचा हात बाईचाच. जमिनी सारवून सारवून तिच्या तळव्याला जी जाण येते ती गवंड्याच्या थापीला कुठून येणार, असं आम्ही सगळेच मानायचो. माझी बायको पासलीची. भाताच्या लावणीला तिच्या वेगानं दुसरी बाई चालत नसे आणि कोबा घोटायला तिच्यासारखा हात भोरात नव्हता. हे मी बायको म्हणून सांगत नाही.

चुना चावतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. कामाला बसण्याआधी बायका कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत करंजाचं तेल चोपडायच्या. तरी कुठं लागला तर लगेच आग व्हायची, बाई उठायची, धुऊन यायची, पुन्हा बसायची. चुना माणसाला सांगून चावतो. आमची सगळी अक्कल त्या एका गोष्टीवर उभी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. भाताचा व्यापार करणाऱ्या एका शेठनं उत्रोलीच्या रस्त्याला नवं घर काढलं आणि पोती ठेवायला खाली तळघर खणलं. आमच्याकडचा पाऊस कसा, ते सांगायला नको. तळघरात पाणी पाझरणार आणि भात कुजणार, ही त्याची धास्ती. पुण्याला जाऊन तो शिमिटाची जमीन बघून आला आणि मला म्हणाला, "मिस्त्री, चुना नको. शिमिट टाकायचं. जमंल का?" मी शिमिटाला उभ्या जन्मात हात लावला नव्हता. पण भोरातला दुसरा गवंडी पुढं झाला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं. मी म्हणालो, "न जमायला काय झालं?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

पोती पुण्याहून लॉरीनं आली. लॉरीवाला अशा कामांवर फिरलेला होता. पोती उतरवून घेताना त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. "मिस्त्री, ह्याला चुन्यासारखं मुरवत बसू नका, पाणी पडलं की घडीभरात आवळतं. आन् उघड्या अंगानं त्यात बसू नका." पहिली गोष्ट मी गाठीला बांधली. दुसरीसाठी मी त्याच्यादेखत मूठभर शिमिट घेतलं, पाण्यात कालवलं, तळव्यावर चोळलं आणि उभा राहिलो. आग नाही, चुरचुर नाही. जिभेला लावून पाहिलं. चुन्याची परीक्षा आम्ही अशीच करायचो. "ह्यात काय चावायचंय?" म्हणून मी हसलो. लॉरीवाल्यानं लॉरी वळवली. त्याला काय पडली होती?

मृगाच्या आत जमीन व्हायला हवी होती. तळाला दगडगोटे अंथरून ठोकून झाले होते. कोब्याच्या दिवशी मी बायकोला आणि उत्रोलीच्या दोन बायकांना घेतलं. वर गडी माल कालवून पाट्या खाली सोडणार, मी तो पसरून सपाट करणार आणि तिघी माझ्यामागून गोणपाटावर गुडघे टेकून तो हातानं घोटत घोटत जिन्याकडे मागं सरणार, असं ठरलं. खाली दिवसासुद्धा कंदील लागायचा.

बसण्याआधी बायकोनं विचारलं, "अवं, त्याल कुठं ठिवलंय?"

"त्याल नको. तेलानं शिमिटाची पकड सुटंल. आन् हे चावत न्हाई."

ती बसली. नवऱ्याच्या अकलेवर भरवसा ठेवून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "लई गार लागतंय. लोण्यावाणी." मी म्हणालो, "शेठला इचारून घरी न्हेऊ वाईच. उन्हाळ्याचं अंगाला लावायला." सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची आज शिसारी येते.

मालाचं पाणी गोट्यांत उतरून गोणपाट भिजलं, मग लुगडं भिजलं, आणि ते शिमिटाचं पाणी तसंच तिच्या गुडघ्यांना चिकटून राहिलं. दुपारी उत्रोलीच्या बायका उठल्या. एकीचं तान्हं पोर घरी होतं. दुसरी म्हणाली, बोटांची टोकं झोंबतायत. मी तिच्यावर खेकसलो, "अर्ध्यात सोडून जाताय, हे दगुड झाल्यावर कोण, तुमचा बाप घोटणार का?" त्या गेल्याच. त्यांची कातडी वाचली. त्या दोघींची जागा माझ्या बायकोनं एकटीनं ओढली.

मी सारखा वरच्या गड्यांना ओरडत होतो आणि तिला म्हणत होतो, "उरक, आवळतंय." एकदा ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अवं, गुडघं कसं हुळहुळत्यात बघा."

"गोट्यावर टेकल्यावर हुळहुळणारच की. आता इतभर तर ऱ्हायलंय."

वीतभर नव्हतं. अर्धी खोली राहिली होती. ती मला दिसत होती, तिलाही दिसत होती. तिनं पुन्हा हात लावला.

दिवस कलला तेव्हा आम्ही नीरेवर हातपाय धुवायला गेलो. तिनं गुडघ्यावरचं लुगडं सोडवायला घेतलं आणि लुगड्याबरोबर कातडं आलं. ती ओरडली नाही. खाली काळंनिळं झालं होतं, मध्ये पांढरं. ती वाकून बघत राहिली आणि मला म्हणाली, "अवं, हे दुखत न्हाई वं." मी घाबरलो तो त्या बोलण्यानं. भाजलेलं माणूस बोंबलतं. हे काहीतरी निराळंच होतं. दुसऱ्या दिवशी मात्र दुखायला लागलं आणि मग तिनं जे सोसलं ते मला लिहिता येत नाही.

आम्ही हळद आणि तूप लावलं. पासलीहून सासूबाई आल्या. आणि मी काय करत होतो? मी रोज शेठच्या तळघरात जात होतो. शिमिटावर पंधरा दिवस पाणी ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात, असं शेठ पुण्याहून ऐकून आला होता. मी कडेनं मातीचे बांध घातले होते. सकाळी विहिरीवरून पाणी ओढायचो, संध्याकाळी ओढायचो, खाली उतरून कुठं सुकत तर नाही ना, ते कंदील धरून बघायचो. माझ्या नावाचा कोबा होता ना तो! घरी येऊन बायकोला विचारायचो, "बरं वाटतंय का?" ती म्हणायची, "व्हय." आणि मी जेवायला बसायचो.

पाचव्या दिवशी घरात वास यायला लागला. मी बादली घेऊन निघालो होतो. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्या मला कधी उलट शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "जावयबापू, जमिनीला पाणी घालून झालं की माझ्या पोरीला दवाखान्यात न्या."

मी बादली तिथंच टाकली. बैलगाडी मिळवली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "इतके दिवस काय करत होतात?" आतपर्यंत जळलंय म्हणाले, उजवा पाय कदाचित कापावा लागेल म्हणाले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला बाहेर काढलं.

हातांची सालपटं निघाली ती महिन्याभरात भरली, आणि पाय कापावे लागले नाहीत. पण जखमा भरायला दिवाळी उजाडली आणि भरल्या त्या आवळून भरल्या. गुडघे वाकेनात. दोन्ही पाय काठ्यांसारखे झाले. भिंतीला धरून, मग काठी धरून ती चालायला लागली, पण तिला खाली बसता येईना. आमचा सगळा संसार तर खालीच. चूल खाली, जातं खाली, पाटा खाली, ताट खाली. बाहेरला जायचं तर तिची आई बगलेत हात घालून धरायची. चिखलातून पाय उपसता येईना म्हणून लावणी कायमची सुटली. पंचविशीतली बाई! शेजारणी म्हणायच्या, नशिबाचे भोग. ती तर मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी रडलो तरी असतो.

शेठ खूष होता. कोबा बघायला कुठून कुठून माणसं आणत होता. त्यानं मला पागोटं दिलं आणि उरलेलं एक पोतं शिमिट बक्षीस दिलं. आणि मी घेतलं.

ते पोतं बरेच दिवस कोपऱ्यात पडून होतं. मग बायको आठ दिवस पासलीला गेली होती तेव्हा मला सुचलं. स्वयंपाकघरात भिंतीला धरून मी कमरेइतका उंच ओटा बांधला. वर शिमिटाचा थर दिला, त्यावर मातीची चूल मांडली. उभ्यानं रांधणारी बाई तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. माझी भावकी हसली. हसू देत, म्हटलं. तिला कुणाच्या हातची भाकरी मागावी लागणार नाही.

ती आली. काठी भिंतीला लावली आणि ओट्याशी उभी राहिली. चूल बरोबर तिच्या हाताला येत होती. तिनं ओट्यावरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "कुणी घोटलं हे?"

"म्याच."

ती माझ्याकडे वळली. "हात दावा."

मी दोन्ही तळवे पुढं केले. तिनं ते उलटसुलट करून, बोटांच्या बेचक्या फाकवून पाहिले. "आन् गुडघं?" मी धोतर वर धरलं. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून मी पाटावर चढून उभा राहिलो. तिनं दोन्ही गुडघे बघितले. मला भरून आलं. एवढं सगळं होऊन ही माझी काळजी करतेय, असं मला वाटलं आणि मी तिला धीर द्यायला गेलो. "काळजी करू नगंस. मला काय झालं न्हाई. फळीचा तुकडा घेतला, त्याला दांडी मारली, लांबनंच फिरवली. वरनं थापी. झालं."

ती माझे गुडघे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी हात न लावता बी झालं असतं."

मी पाटावर तसाच उभा, हातात धोतर धरून. ती वळली, चुलीत लाकडं सारली आणि विस्तवासाठी शेजारणीला हाक मारली.