भट्टीचं दार

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, ऐंशीच्या दशकात, आमची एक लहानशी पोलादाची भट्टी होती. विजेवर चालणारी. भंगार वितळवायचं आणि साच्यांत ओतायचं, एवढाच धंदा. विजेच्या खर्चावर लक्ष ठेवणं माझ्याकडे होतं, आणि त्या पावसाळ्यात तो खर्च काही केल्या आटोक्यात येईना. मालकांनी सरळ सांगितलं, "गणपतीपर्यंत वीज कमी झाली नाही तर भट्टी बंद."

सगळ्यांत जास्त धसका घेतला तो भट्टी सांभाळणाऱ्या कारागिराने. माणूस जवळच्याच पावस गावचा. तरुणपण सगळं मुंबईच्या ओतकामाच्या कारखान्यात एकट्याने काढलेलं. आमची भट्टी निघाली म्हणून गावी परतला आणि रोज संध्याकाळी बायकोपोरांत जेवायला लागला. भट्टी बंद म्हणजे पुन्हा मुंबई.

गंमत म्हणजे वीज उधळत होता तोच. माणसं सायकलीवरून चिंब भिजून यायची, आणि आमच्याकडे आषाढात कपडे सुकतात यावर कुणाचाच विश्वास नाही. म्हणून हा गडी भट्टीचं दार सताड उघडं ठेवायचा आणि समोरच्या दोरीवर सगळ्यांचे शर्ट, लुंग्या. दारातून धग बाहेर जायची, तेवढी वीज आम्ही पुन्हा आत ओतायचो. मीटर गरगर फिरायचा. मी भडकलो.

"सायेब, दार लावलात तर मानसं भिजल्या कापडात काम करतील," तो म्हणाला. "तापानं पडली तर भट्टी कोन चालवील?"

म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे माझा राग आणखीच वाढला. दार मी लावायला लावलंच. भंगार टाकण्यापुरतं उघडायचं. दोरी मात्र पलीकडच्या शेडमध्ये बांधली. तिथे ओतलेले साचे निवत असायचे आणि त्यांची उष्णता तशीही वाया जात होती. कपडे छान सुकले. त्यांना जळक्या वाळूचा वास येतो अशी घरोघर कुरकुर झाली म्हणे.

गणपतीच्या तोंडावर मालक आले. लुंग्यांच्या रांगेखालून वाकून गेले, मीटर पाहिला, "चालू द्या" एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं. मालकांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कारागीर माझ्यापाशी आला.

"सायेब, आज जरा लवकर सोडा. बायकोनं माजी ट्रंक भरून ठेवलीन हाय. ती रिकामी कर म्हनून सांगतो."