तात्पुरत्या डिस्कवरचे डॉक्टर

आमच्या दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात फायली हरवतात, किस्से मात्र शाबूत राहतात. मी ते लिहून ठेवतो, म्हणून त्यांचा ढीग वाढतच जातो. बरेचसे हसण्यासारखे आहेत. पण हल्ली लिहिता लिहिता हात थांबतो.

आमचा सर्व्हर ऑफिसात नाही. एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर मशीन भाड्याने घेतलंय, ते आम्ही नगरमधून इंटरनेटवर चालवतो. डिस्क केवढी घ्यायची, असं विभागप्रमुख बापूंनी विचारलं, तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या सुनीता मॅडम म्हणाल्या, "लहानच घ्या. नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही."

बापूंनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "कळलं. पुढं बोला."

*

जुने फोटो आम्ही स्वस्तातल्या आर्काइव्हमध्ये टाकले. तिथली फाईल मागितली की काही तासांनी मिळते. ऐन वार्षिक सभेत चेअरमनना एक जुना फोटो हवा झाला. तो आला तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता.

चेअरमन म्हणाले, "कोल्ड स्टोरेजमधला बटाटा बी याच्या आधी निघतो."

*

साळवे आमचे जनावरांचे डॉक्टर. निवृत्त होताना त्यांनी आपल्या आवाजात सल्ले रेकॉर्ड करून दिले. शेतकऱ्याने फोन करून बटण दाबलं की डॉक्टर बोलायचे. प्रत्येक सल्ल्याची सुरुवात एकच: "घाबरू नका. आधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवा."

रेकॉर्डिंगच्या वेळी बापू वैतागले. "डॉक्टर, हे एकदाच सांगा की."

"बापू, माणूस दरवेळी नव्याने घाबरतो."

*

मशीनबरोबर एक तात्पुरती डिस्क मिळते. ती वेगवान असते, पण मशीन बंद केलं की कोरी होते. आवाज अडकू नये म्हणून बापूंनी डॉक्टरांची सगळी रेकॉर्डिंग तिच्यावर ठेवली.

मॅडम म्हणाल्या, "बापू, तिथं काही टिकत नाही."

"मशीन बंद करतंय कोण?"

तरी खबरदारी म्हणून बापूंनी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवली. पण ती दुसऱ्या, कायमच्या डिस्कची.

*

डॉक्टर पावसाळ्यात वारले. त्यांच्या मोबाईलमधलं सगळं पुसून मुलाने तो वापरायला घेतला. मूळ रेकॉर्डिंग त्यातच होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी बापूंनी नेहमीसारखे दिवे, पंखे बंद केले. चार दिवस कोण वापरणार म्हणून क्लाउडवरचं मशीनही बंद केलं.

सुट्टीनंतर मॅडमनी तात्पुरती डिस्क उघडून दाखवली. ती कोरी होती. बापू म्हणाले, "पंखा तरी लावा कुणीतरी."

*

त्याच आठवड्यात घोडेगावहून शेतकरी रावसाहेबांचा फोन आला. "सायेब, डाक्टरचा आवाज कुठं गेला? धार काढताना म्हशीला रोज त्योच ऐकवायचो. आता पान्हाच सोडंना."

बापूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मोबाईल स्पीकरवर टाका. म्हशीजवळ धरा."

ते उभे राहिले, घसा साफ केला आणि डॉक्टरांच्याच संथ सुरात म्हणाले, "घाबरू नका. आधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवा."

मग त्यांनी फोन कानाला घट्ट धरला.

"सोडला का पान्हा?" बापूंनी स्वतःच्या आवाजात विचारलं.

"न्हाई. मान वळवून मोबाईलकडं बगतीया." रावसाहेब म्हणाले, "पर तुमी बोलत ऱ्हावा, बापू. मी हात फिरवतोय."