अर्ध्या ओळीवर अडलेला पाळणा

पाळण्याची दोरी मॅडमनी माझ्या हातातून ओढून घेतली. बारशाला जमलेल्या दहा-बारा बायकांसमोर.

लखनौच्या महानगर भागातलं घर. त्यांचा नवरा बँकेत मोठा साहेब, माझा नवरा त्याच बँकेत शिपाई. म्हणून मी सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात. घुगऱ्या मीच शिजवल्या, बरं का. तिथंच वाढलेल्या त्या मराठी बायका, पाळणा एकीलाही येईना. "अरे यार, तो पाळण्याचा कागद कुठंय?" चाललेलं. मॅडम माझ्याकडं वळल्या, "अगं, तुला येत असेल ना? म्हण."

मला माझ्या आईचा येत होता. दुसऱ्याच्या शेतात खुरपता खुरपता तिनं रचलेला. मी डोळे मिटून लावला सूर.

बांधावरल्या बाभळीला, झोळी लेकीची टांगली,
सटवाईच्या हातातली...

"बास! तुमच्यातलं हे झोळी-बाभळीचं रडगाणं माझ्या बाळाच्या कानावर नको. जा, घुगऱ्या वाट. नको, राहू दे. वाटेल दुसरं कुणी."

कुणीतरी हसलं. मीही हसले. त्यांचं जाऊ द्या, माझं ते हसणं मला अजून डाचतं.

सहा महिन्यांनी निशातगंजच्या आमच्या खोलीत माझी लेक जन्मली. बाराव्या दिवशी पाळणा टांगला. हे म्हणाले, "म्हण की गं." तोंड उघडलं. आवाजच नाही. नुसती कडीची करकर. त्या करकरीत मला आई ऐकू यायची. मरून तीन वर्षं झालेली माझी आई. गात यायची आणि जिथं मॅडमनी दोरी ओढली, नेमकी तिथं गप्प व्हायची. रोज. भर दुपारी सुद्धा. मला वाटायचं, असेल बाई आपलं गाणं भिकार. मी चौथी शिकलेली, मॅडम एम. ए.

शेजारची चिकनचं भरतकाम करणारी चाची विचारायची, "बहन, बच्ची को चुपचाप क्यों झुलाती हो?" मी दोरी आणखी जोरात ओढायची.

वर्ष गेलं. एक दिवस हे बँकेतून आले. "मॅडमच्या जावेकडं बारसं आहे. घुगऱ्या शिजवायला बोलावलंय तुला." मग खाली बघत म्हणाले, "गायचं नाही म्हणाल्या."

गायचं नाही. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या पाळण्याशी येऊन पोचलं ते.

लेक किरकिरत होती. मी दोरी धरली. गळा फाटला, आवाज घोगरा आला. येऊ दे.

सटवाईच्या हातातली, लेखणी मी गं घेतली.

लेक रडायची थांबून टकमक बघायला लागली. दारात चाची येऊन उभी.

"मॅडमना सांगा, येणार नाही."

"अगं, साहेब बदली करतील माझी."

"करू द्या. तिथं गाईन."

आई अजूनही त्या जागी थबकते. मॅडमचा हात अजून दिसतो, बांगड्यांसकट. माझाही सूर हलतो तिथं. पण मी थांबत नाही. ती ओळ पुन्हा घेते. आणखी वरच्या पट्टीत.