गुरुजींचा बिनछडीचा वर्ग

मोठे गुरुजी मुलाला प्रश्न विचारण्याआधी त्याच्यासमोर जमिनीवर बसत. धोतराला माती लागो की शेण, मुलाच्या डोळ्यांना डोळे भिडल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या शाळेत मी त्यांचा सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. मला हे सारे पोरकट वाटे.

त्यांना वाचनाचे वेड. पुस्तकांचे पार्सल नंदुरबार स्टेशनवर आले की ते बैलगाडीने जाऊन सोडवून आणत. परदेशातल्या कुणा तत्त्वज्ञाने लिहिले होते की मूल मुळात वाईट नसतेच, मोठी माणसे त्याला बिघडवतात. कुणा बाईंनी लिहिले होते की मुलाचे हात कामाला लागले की त्याची बुद्धी जागी होते. “एवढी शहाणी माणसं पोरांपुढे नमली,” गुरुजी म्हणत, “मग आपल्याला कसला ताठा?” एक दिवस त्यांनी शाळेतली छडी चुलीत घातली आणि मुलांकडून ओल्या मातीची अक्षरे करून घेतली.

दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी आला. “गुरुजी, मन्हा पोऱ्या घर बी मातीमाच खेयस. मंग शाळा कसाले?”

“दादा, घरी तो काय करतो ते तुम्ही कधी बसून बघता?” गुरुजींनी विचारले.

शेतकरी पोराला घेऊन गेला.

जमनी तोरणमाळच्या उतारावरच्या एका पाड्यातून येई. वर्षभर ती एक अक्षरही बोलली नव्हती. गुरुजी तिच्याकडून रोज तिच्या घरच्या पावरी बोलीतला एक शब्द शिकू लागले. त्यांचा उच्चार चुकला की ती हसे, मग दुरुस्त करी. होता होता ती मातीच्या अक्षरांनी स्वतःचे नाव मांडू लागली. “घरची भाषा म्हणजे काय वहाण आहे, दारात काढून ठेवायला?” गुरुजी मला म्हणाले.

मग शाळा तपासायला डेप्युटी आले. त्यांनी जमनीला धडा वाचायला सांगितला. ती उभी राहिली आणि पावरीत डोंगरातल्या मधाची गोष्ट सांगू लागली. साहेबांनी तिला मध्येच थांबवले आणि मला विचारले, “पुस्तक किती झालं?”

घरी म्हातारे आई-वडील माझ्या नोकरीवर अवलंबून होते. मी खाली बघून म्हणालो, “अर्धंही नाही, साहेब.”

महिन्याभरात गुरुजींची दूरच्या तालुक्यात बदली झाली. निरोप देताना मी त्यांची पुस्तके बैलगाडीत चढवत राहिलो. “तुम्ही खोटं कुठं बोललात?” तेच म्हणाले. त्यांनी रागावायला हवे होते.

नव्या हेडमास्तरांनी नवी छडी आणली. पावरी शब्द कानावर आला की ती हातावर बसे. जमनी पुन्हा गप्प झाली आणि होळीनंतर आलीच नाही. मी चढण चढून तिच्या पाड्यावर गेलो. झोपडीत ती भावंडांना काहीतरी रंगवून सांगत होती. मला पाहताच तिचे तोंड मिटले.

“घरात लय बोलते,” तिची आई मोडक्या मराठीत म्हणाली. “शाळेत मारतात ना?”

मी पाणी पिऊन उतरलो.

पावसाळ्यात गुरुजींचे कार्ड आले. खुशालीच्या दोन ओळी, आणि खाली एकच प्रश्न : जमनी बोलते का?

मी उलट टपाली लिहिले, “बोलते.”