दात कशाने घासता?

बी.एस्सी. झाल्यावर मला धुळ्यातल्या एका डॉक्टरांकडे काम मिळालं. तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आणि त्यांच्याच गावच्या, त्यांच्याच वयाच्या निरोगी बायका, दोघींना तेच प्रश्न विचारायचे: जेवता काय, कामं कोणती करता, सवयी कसल्या. मग उत्तरं शेजारी शेजारी ठेवून फरक पाहायचा. रुग्णांचे फॉर्म सर स्वतः भरत. गावातल्या बायका माझ्याकडे. फॉर्म इंग्रजीत होता; प्रश्न मराठीत करून मीच विचारायचे. इंग्रजी शाळेत वाढलेली मी चारचौघांत गप्पच असायचे. हातात फॉर्म असला की मात्र बोलता यायचं, कारण ते बोलणं माझं नसायचं.

साक्रीकडच्या एका खेड्यात एक अक्का ओट्यावर बसून उत्तरं देत होत्या.

"तंबाखू खाता का?"

"नही वं माय! कधीच नही."

मी 'नाही'वर खूण केली. कागद आवरत होते, तेवढ्यात अक्कांनी कमरेची डबी काढली, काळी पूड बोटावर घेतली आणि हिरड्यांवर घासायला लागल्या.

"हे काय, अक्का?"

"मशेरी. तव्यावर तंबाखू भाजतस, मंग वाटतस."

"पण तुम्ही तर नाही म्हणालात!"

"मी काय तंबाखू खास का? दात घासस. गावन्या बठ्ठ्या बाया घासतस." मग शेजारणीला म्हणाल्या, "इतली शिकेल पोर, आन तिले दात घासानं माहीत नही!"

शेजारीण खो खो हसली. तिचं बोटही काळं होतं. तिच्या फॉर्मवर मी सकाळीच 'नाही' लिहिलं होतं.

परतीच्या एस.टी.त मी सगळे फॉर्म पुन्हा उघडले. सर रुग्णांना मशेरीचं नाव घेऊन विचारत, ते मी ऐकलं होतं; मशेरी म्हणजे तंबाखूच, हे आज कळलं. मी गावात कुणालाच तसं विचारलं नव्हतं. कागदावर दिसणार होतं की मशेरी फक्त आजारी बायकाच लावतात. गप्प बसले असते, तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं, तर सगळे फॉर्म बाद आणि बहुधा माझं कामही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. "हे चुकलेत सर. माझ्यामुळे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फॉर्म चाळले. "पुन्हा जावं लागेल. प्रत्येक घरी."

"जाते."

गेले. ज्या दारात गेले तिथे 'ही पुन्हा आली' म्हणून माझं हसं झालं. मी आधी विचारायचे, दात कशाने घासता? कितीतरी 'नाही' माझ्याच हाताने खोडले, आणि प्रत्येक खाडाखोडीपुढे सही केली.

पुढे सरांनी आणखी काही जणांना या कामावर घेतलं. पहिल्या दिवशी ते त्यांना म्हणाले, "प्रश्न कसे विचारायचे, ते या सांगतील." आणि खुर्ची मागे घेऊन स्वतः ऐकायला बसले. मी उठले. माझी चूक पहिल्यापासून सांगितली, मराठीत, हातात एकही कागद न घेता.