फ्लेक्सवाल्याने उजळलेलं चित्र

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे महाडच्या कॉलेजात कलेचा इतिहास शिकवणारे सर वर्गासमोर म्हणाले, "वाडीवरची मुलं नोट्स पाठ करतात, स्वतःचं काही बोलत नाहीत," तेव्हा ते मला झोंबलं. तोंडी परीक्षेत प्रत्येकाने एका चित्रावर बोलायचं होतं. मी ठरवलं, पाठ केलेलं एकही वाक्य बोलायचं नाही.

मला मिळालं युरोपातलं, सतराव्या शतकातलं चित्र. गोठ्यात येशूचा जन्म, भोवती मेंढपाळ. जवळजवळ सगळं काळोखात. ना दिवा, ना खिडकी. उजेड बाळाच्या अंगातून निघतो आणि वाकलेल्या चेहऱ्यांवर पडतो. एवढा काळोख कशाला रंगवला असेल, हे काही उमगेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे मोठी प्रिंट टाकली. वाढदिवसाच्या बॅनरवर सगळ्यांना गोरं करून देणारा माणूस. प्रिंट हातात पडली तोच घरी जायची पोलादपूरची गाडी लागली, म्हणून गुंडाळी न उघडताच पळाले. घरी बघते तर चित्र लख्ख! मेंढपाळांचे मळके पाय, गाढव, भिंतीचे दगड, सगळं उजेडात. फोन केला तर म्हणतो, "ताई, लय काळं हुतं. तुमच्यासाठी मुद्दाम उजळलं."

मी डोकं धरून बसले. आई पिठाच्या हातांनीच वाकून बघायला लागली.

"बरं हाय की. गाढव बघ कसं गरीब हाय!"

"आई, बाळ बघ ना."

"बाळ? कुठं हाय?"

मोबाईलवर मूळ चित्र दाखवलं. "हे काय बाळ! पन दिवा कुनी लपवलाय गो?"

"दिवा नाहीच. उजेड बाळाचाच."

"मग काळोख लागनारच. भर दुपारी काजवा कुनाला दिसतो?"

दुसऱ्या दिवशी मी तीच प्रिंट फळ्यावर लावली. विचारलं, आधी काय दिसलं? कुणी म्हणालं गाढव, कुणी टोपली, कुणी पाय. मग पडद्यावर मूळ चित्र लावलं. या वेळी सगळे एकदम म्हणाले, बाळ. काळोख उरलेल्या जागेत भरलेला नाही, नजर कुठे जावी म्हणून चित्रकाराने तो रंगवलाय, एवढं मी सांगितलं. काजवाही सांगितला.

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही, सर. आईनं सांगितलं. थोडं फ्लेक्सवाल्यानं."

वर्ग हसला. सर उठून प्रिंटजवळ गेले, मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, पुन्हा प्रिंटकडे.

"ही इथेच ठेव," ते म्हणाले. "पुढच्या वर्गाला दाखवायला लागेल."