जुलैपर्यंतचा दात

आखातातल्या आमच्यासारख्या घरांत दातांची कामं वार्षिक सुट्टीसाठी राखून ठेवतात. कंपनीच्या विम्यात दात बसत नाहीत. दाढ ठणकली की लवंग, मिठाचं पाणी आणि एक ठरलेलं वाक्य: जुलैत पुण्याला गेलो की दाखवू.

मार्चमध्ये मुलीने खालच्या समोरच्या दाताला थंड लागतं असं सांगितलं. ती शारजात शिकत होती, हॉस्टेलवर राहायची. शुक्रवारी संध्याकाळी मी तिला दुबईत, ऊद मेथाला घरी आणायचो. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की शेजारच्या सीटवरून बारीक टक् टक् ऐकू यायची. ती गोळी चघळते आहे, असं मी धरून चाललो होतो. दाताचं ऐकल्यावर मी ते ठरलेलं वाक्य म्हटलं. ती "ओके" म्हणाली.

मे महिन्यात एका शुक्रवारी जेवताना तिने भाकरीचा घास घेतला आणि चावता चावता थांबली. हात तोंडावर गेला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"इट मूव्ह्ड."

"काय मूव्ह्ड?"

"द टूथ, आई."

बायकोने तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जिभेच्या मधोमध टोचून बसवलेला धातूचा मणी चमकला. बायको म्हणाली, "नाक टोचायला नेलं तेव्हा सोनाराचं दुकान डोक्यावर घेतलं होतंस."

"दॅट वॉज युवर आयडिया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घराजवळच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर रत्नागिरीकडच्या.

"जीभ वर उचल, बाय."

त्यांनी दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये तो दात धरला आणि हलकेच रेटला. दात पुढे गेला, मागे आला. मुलगी छताकडे पाहत होती. मग त्यांनी छोटा कॅमेरा आत धरला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. दाताच्या आतल्या बाजूची हिरडी खाली सरकली होती. पिवळट मूळ उघडं पडलं होतं. मागे एका दाढेचा टवका उडाला होता.

"बोलताना, गिळताना मणी इथेच घासतो," डॉक्टर म्हणाल्या. "वर तू तो दातांवर वाजवतेस. वाजवतेस ना?"

मुलीने मान हलवली. गाडीतली टक् टक् कशाची होती, ते मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर, जुलैत आम्ही पुण्याला जाणार आहोत," मी म्हणालो. तोंडात बसलेलं वाक्य होतं.

"साहेब, तुम्ही खुशाल जा. हा दात तुमच्याबरोबर येणार नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"हे काढलं तर दात राहील?" मुलीने विचारलं. मराठीत विचारलं.

"इन्शाल्ला. बाजूच्या दातांना बांधून ठेवीन. पण गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. आणि मणी आत राहणार असेल, तर बांधण्यात अर्थ नाही."

"आत्ताच्या आत्ता काढ ते," बायको म्हणाली.

"ताई, थांबा जरा. तिचं तिला ठरवू दे."

मुलगी स्क्रीनवरच्या मुळाकडे पाहत राहिली. बाहेर रिसेप्शनवर कुणीतरी अपॉइंटमेंटवरून हुज्जत घालत होतं. शेवटी तिने दोन बोटं तोंडात घातली. मण्याचा आटा सुटेना, बोटं घसरत होती. डॉक्टरांनी तिच्या हातात गॉझचा तुकडा दिला. दुसऱ्या खेपेला मणी फिरला. तिने तो आणि मागोमाग दांडी ट्रेमध्ये टाकली.

"खलास," डॉक्टर म्हणाल्या आणि तार हातात घेतली.

जुलैत पुण्याला गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दात अंगठ्याने दाबून पाहिला. हलला नाही.

"कोणी बांधलाय? छान बांधलाय," ते म्हणाले. "नुसतं माझी वाट बघत बसला असतात, तर मला तो उपटायचंच काम उरलं असतं."

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर मुलीने उसाचा रस मागितला. रसवाल्याने सवयीने बर्फ उचलला.

"बर्फ नको," ती म्हणाली.